मुठ्याच्या डोळ्यातलं कुंकू

बाई, सोमवारी तुमची प्रयोगशाळा रिकामी होणार आहे. मुरबाडच्या शाळेचा टेम्पो येईल आणि रोबोटचं सगळं सामान घेऊन जाईल. संस्था एक, शाळा दोन, सामानाचा संच एकच. हेडसरांनी शाळा सुरू होतानाच बजावलं होतं, या वर्षी जिल्ह्यातून पुढे गेलात तर रोबोटचा क्लब इथेच शहापुरात, नाहीतर मुरबाडला. आम्ही पुढे गेलो नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, रोबोट हा शब्दही वर्गात तुमच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता, तरी आज हे सांगायला दुसरं कोणी सुचत नाही. घरी बोलले तर म्हणतात, खेळणं तर होतं, एवढं काय मनाला लावून घेतेस.

खेळणं नव्हतं ते. नववीच्या चार मुली आणि त्यांची मॅडम मी, शाळा सुटल्यावर रोज तुमच्याच त्या लांब टेबलाशी असायचो. पांढऱ्या पटावर काळी रेघ, ती धरून रोबोटने चालायचं, वाटेतला डबा ढकलत न्यायचा आणि लाल पट्टी दिसली की थांबायचं, एवढीच स्पर्धा. विकतचा पट परवडणारा नव्हता. कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स उलटा अंथरला आणि त्यावर वायरमनची काळी टेप चिकटवली. एका वळणावर साहेबांचे जोडलेले हात मागून पुसट दिसायचे आणि रोबोट नेमका तिथेच अडायचा. मुली म्हणायच्या, नमस्कार घेतल्याशिवाय सोडत नाय. सुरुवातीला तो तिरका तिरका पळायचा, म्हणून त्याचं नाव मुठा पडलं, भातशेतीच्या बांधावरचा खेकडा तो.

त्याला सरळ केलं चौघींतल्या उंबरमाळीकडच्या पाड्यावरून येणाऱ्या मुलीने. वर्गात ती तोंड उघडत नाही, तिची घरची बोली ऐकून पोरं हसतात. मुठ्याशी मात्र त्याच बोलीत भांडायची. एकदा मी सहज विचारलं, क्लब बंद झाला तर काय करशील? ती म्हणाली, "मंग मी कशाला येऊ मॅडम? बाकी कोन बोलतंय माझ्याशी?" त्या दिवसापासून मला नीट झोप नाही.

स्पर्धा ठाण्याच्या एका कॉलेजात होती. सगळीकडे एकसारख्या जॅकेटातली मुलं, मागे त्यांचे आईबाप, पाण्याच्या बाटल्या. आमच्या मुली भिंतीला चिकटून उभ्या. आमचा नंबर जवळ आला तेव्हा त्या पोरीने कागदाची पुडी काढली. "दसऱ्याला बा कोयत्याची पूजा करतो. ह्याची आपन केलीच नाय." मी विज्ञान शिकवते. नको म्हणायला हवं होतं. पण माझाच धीर सुटला होता, बाई. मी म्हटलं, कर. आणि डोळे मिटून हात जोडले. डोळे मिटले होते म्हणूनच तिचं बोट कुठे गेलं ते मला दिसलं नाही. तिने पाण्यात कालवलेलं कुंकू मुठ्याला उलटा करून त्याच्या पोटाखालच्या सेन्सरला लावलं. तो त्याचा डोळा, सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून मान त्याला.

शिट्टी झाली आणि मुठा जागचा हलला नाही. "मॅडम, जात नाय वो हा." त्याला सगळं लालच दिसत होतं. निघायच्या आधीच तो पोचला होता. दुसरी संधी होती. आम्ही ओल्या रुमालाने घाईघाईने पुसलं, कुंकू आणखी आत फटीत गेलं. या वेळी तो निघाला, पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं, लोकांनी टाळ्याही वाजवल्या आणि मग काळ्या रेघेवर मधेच शांतपणे थांबला. परीक्षक भले होते, हसून म्हणाले, पुढच्या वर्षी या.

तुमची खंडेनवमी आठवते मला. आम्ही पोरींनी सूक्ष्मदर्शकाची पूजा केली आहे, थेट भिंगावर कुंकवाचं बोट टेकवलं आहे, आणि तुम्ही दारात उभ्या आहात. "ज्यातून बघायचं तेच बंद केलंत? हात जोडताना डोकं कुठे ठेवलं होतं?" मग तुम्ही टाचणीने त्यातलंच कणभर कुंकू काढता, भिंग पुसता, तो कण काचेवर ठेवता आणि एकेकीला बोलावता. कुंकू मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, रस्त्यावर टाकलेल्या खडीसारखं, लाल. शेवटी तुमच्या जुन्या साडीचं मऊ कापड माझ्या हातात देऊन म्हणालात, रोज पुसायचं काम तुझं. त्या कापडामुळे मी विज्ञानाची शिक्षिका झाले, असं मला वाटतं.

परतीच्या जीपमध्ये ती पोर सारखी म्हणत होती, "मीच आंधला केला त्याला." तुम्ही असतात तर काहीतरी दाखवलं असतंत. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. मी म्हटलं, गप बस आता. आसनगाव आल्यावर तिने हळूच विचारलं, "सोमवारी येऊ ना मी?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला खूप भीती वाटते, बाई. ती येणार नाही याची.

काल हेडसरांसमोर सामान खोक्यात भरलं. चाकं, मोटारी, बॅटरी, सगळं. एक सेन्सर, मुठ्याचा डोळा, कमी भरला. मी सांगितलं, स्पर्धेत जळाला. त्यांनी मान डोलावली. तो सेन्सर माझ्या पर्समध्ये आहे, तुमच्या त्या कापडात गुंडाळलेला. बाकीच्या सामानाशिवाय त्याला काहीच दिसत नाही, तो कशाच्याच कामाचा नाही, हे मला कळतं. तरी त्या पोरीच्या हातात ठेवायला मला काहीतरी हवं होतं. खोटं तुम्ही एकदाही चालवून घेतलं नाहीत, म्हणून हे पत्र तुमच्या फोटोपुढेही ठेवणार नाही. तो जळालेला नाही, बाई.