एक सेंटचा रिकामा खण

३ फेब्रुवारी, सकाळी ८
पत्नी सिल्वीला जाऊन तीन आठवडे झाले. शोकालाही शिस्त हवी. निश्चय: अल्बम पूर्ण करणे. फिनलंडची प्रत्येक सालची नाणी, आणि तीही केवळ व्यवहारात हाती आलेली. विकत घेतलेले एकही नाही. केवळ गतसालच्या एक सेंटचा खण रिकामा आहे.

१० फेब्रुवारी
आमच्याकडे दुकानदार रोख बिलाची रक्कम पाच सेंटांच्या जवळच्या पटीत आणतात. एक सेंट कोणी देत-घेत नाही. तरीही सतरा वर्षे, दर डिसेंबरात, तो माझ्या पाकिटात सापडला. कोरा करकरीत! त्यासाठी नजर लागते. सिल्वीला ती नव्हती. मी नाणे दाखवले की ती टाळ्या वाजवून कॉफी टाकत असे, इतकेच. गेल्या डिसेंबरात ती इस्पितळात होती. त्या धावपळीत माझी नजर चुकली असावी.

१ मार्च
हिशेब मांडला: टांकसाळीने पाडलेल्या नाण्यांची संख्या, भागिले लोकसंख्या. रोज सहा दुकाने. १४ एप्रिलपर्यंत नाणे मिळणे अटळ.

१४ एप्रिल
अटळ ते टळले. टांकसाळीने संख्या गुपचूप घटवली असणार. कडक पत्र धाडले.

२ मे
उत्तर आले. एक सेंट केवळ संग्राहकांच्या संचात असतो, दुकानांकडे जातच नाही. आपणांस सुट्ट्या पैशांत मिळाला असल्यास अभिनंदन. अभिनंदन स्वीकारले.

९ मे
मेहुणी रायली कॉफीला आली. पत्र वाचून इतकी हसली की वेलदोड्याच्या पावाचा तिला ठसका लागला. म्हणाली, "अहो भावोजी, सतरा वर्षं काय दुकानदार तुमच्यासाठी नाणी घरी पाडत होते? ताई स्टेशनाजवळच्या नाणेविक्या हैस्कानेनकडून अख्खा संच घ्यायची आणि त्यातला सेंट तुमच्या पाकिटात सरकवायची! मी म्हणायचे, सांगून टाक त्या बावळटाला. तर म्हणायची, राहू दे गं, वर्षातून एकदाच तर हसतो तो."
रायलीचे गणित पूर्वीपासूनच कच्चे आहे.

१० मे, दुपारी २
केवळ खंडनार्थ हैस्कानेनच्या दुकानी गेलो. त्याने आडनाव ऐकताच संच काढून ठेवला. "बाईंनी शरदातच पैसे भरलेत. या वेळी उशीर झाला म्हणायचा." मी माझे तत्त्व समजावले. मी एक भिंग विकत घेतो आणि खिडकीबाहेर पाहतो, तेवढ्यात सुट्ट्या पैशांत तो सेंट सरकवावा, अशी विनंती केली. तो म्हणाला, "अहो सर, सुट्टे आम्हीसुद्धा पाचाच्या पटीतच देतो."

१० मे, सायंकाळी ६
संच फोडला. एक सेंट पाकिटात ठेवला. पाकीट नेहमीप्रमाणे दाराजवळच्या फळीवर.

११ मे, सकाळी ८
पाकीट उघडले. नाणे सापडले. दाखवण्यास स्वयंपाकघरात गेलो.
कॉफी टाकलेली नव्हती.