जी गाडी माझ्या नावावर नाही, तिच्याविषयी

घर्र, घर्र. थोडा दम. मग एक लांब घर्रर्र, आणि अंगणात उभी असलेली आमची मॉस्कविच गाडी खोकत खोकत जागी व्हायची. हिवाळ्यात वडील रोज सकाळी लोखंडी हँडल फिरवून तिला असेच उठवत. मी खिडकीशी उभा राहून त्याच तालावर शाळेची कविता पाठ करायचो: दोन आखूड, एक विसावा, एक लांब. तो ताल आजही चुकत नाही. माझी स्मृती शाबूत आहे याला एवढा पुरावा पुरे व्हावा.

तर मी, गेर्मान एलिझारोविच झाव्यालोव, वय सत्तर, निवृत्त भूमापक, राहणार सिझ्रान, वोल्गा नदीकडच्या पाच मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. याआधी असा कागद मी केलेला नाही आणि पुन्हा करायची हौस नाही.

कलम १. राहते घर मुलगी रिम्मा हिला द्यावे. स्वयंपाकघराची भिंत पाडून खोली मोठी करायचा बेत जावयाने माझ्यासमोर बोलून दाखवला आहे. बेत चांगला आहे. मी आत असेपर्यंत थांबावे.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून आधी माझे दफन आणि चाळिसाव्या दिवसाचे जेवण करावे. उरेल ते रिम्माचे. जेवणातली धिरडी पातळ हवीत. माझी बायको कापितोलिना, म्हणजे आमची कापा, हिच्या चाळिसाव्याला ती जाड झाली होती. लोक काही बोलले नाहीत, पण पानात टाकून गेले.

कलम ३. गॅरेज, त्याखालचे बटाट्यांचे तळघर आणि सगळी हत्यारे, म्हणजे पाने, जॅक, पक्कड, हवेचा पंप, नात उस्तिन्या हिला द्यावीत. वडिलांचे ते हँडल तिथे खिळ्याला टांगले आहे. आता ते कोणत्याच गाडीला बसत नाही, तरी भंगारात देऊ नये. वोल्गा गाडीच्या नाकावर असते ते चकचकीत हरीणही तिथेच फडक्यात गुंडाळले आहे. ते शेजारच्या गॅरेजवाल्या मत्वेय क्रुग्लोवला द्यावे. वोल्गा हीच गाडी, बाकीचे सगळे डबे, असे तो मला आयुष्यभर सांगत आला. वोल्गा त्याला कधी मिळाली नाही, निदान तिचे नाक मिळू दे.

कलम ४. आता गाडी. इथे थोडे मागे जावे लागेल.

लग्न झाले तेव्हा आमच्याकडे जुनी झापोरोझेत्स होती, ती पाठीला पोक असलेली. इंजिन मागे, सामान पुढे. कापा म्हणायची, "हिच्यात बसायचं नसतं, ही अंगात घालायची असते." रिम्मा झाल्यावर ती आम्हाला अंगात होईना. त्या काळी गाडी दुकानात मिळत नसे. कामाच्या ठिकाणच्या यादीत नाव घालायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. कापाचा धाकटा भाऊ पोर्फिरी तिखोनोविच ल्यालिन, माझा मेहुणा, याचा नंबर एकोणऐंशी साली लागला. नेमका तेव्हाच त्याचा संसार मोडला होता. "एकट्याला चार दारं कशाला, दाजी," तो म्हणाला. "तुम्हीच घ्या."

अशी ती आमच्या घरी आली. पहिल्या बनावटीची झिगुली, रंग चेरीचा. मूळ आखणी इटलीची, पण आमच्या रस्त्यांसाठी पत्रा जाड केलेला आणि पोट जमिनीपासून उचललेले. लोक तिला कोपेयका म्हणत. कोपेयका म्हणजे सगळ्यात लहान नाणे. त्या नाण्यात आमचा संसार मावला: लोणच्याच्या बरण्या, रिम्माची ढकलगाडी, सासूबाईंचे शिवणयंत्र, एकदा तर जिवंत शेळी.

मात्र ती माझ्या नावावर कधीच झाली नाही. आमच्याकडे गाडी विकत नसत, कुलमुखत्यारपत्र करून देत. किल्ली तुमची, पेट्रोल तुमचे, कागदावर मालक दुसराच. ते पत्र तीन वर्षे चाले. म्हणून दर तीन वर्षांनी पोर्फिरी यायचा, आम्ही नोटरीकडे जायचो आणि परत येऊन कापाच्या हातच्या पेल्मेनी, म्हणजे खिम्याच्या उकडलेल्या करंज्या, खायचो. पुढे कायदे सैल झाले, नाव बदलून घेता आले असते. कापा म्हणाली, "राहू दे की त्याच्याच नावावर. तेवढ्या निमित्ताने तरी भाऊ घरी येतो." मी आयुष्यभर लोकांच्या जमिनींच्या हद्दी आखल्या. कोणाचे काय, हे कागदावरून सांगायचे हाच माझा धंदा. पण यात मी बायकोचे ऐकले.

कलम ५. वायपर.

तरुणांना हे सांगावे लागते. आमच्या पिढीत गाडी उभी केली की काचेवरचे वायपर काढून बरोबर न्यायचे, नाहीतर परत येईपर्यंत ते दुसऱ्याच्या गाडीवर दिसत. कापाच्या पर्समध्ये नाटकाला, लग्नाला, दवाखान्यात वायपर असायचेच. आता कोणी चोरत नाही, पण हात आपोआप जातो.

कापाच्या चाळिसाव्याला आम्ही दफनभूमीतून निघालो. पोर्फिरी न विचारता पुढच्या सीटवर बसला.

"पोर्फिरी, मागे बस."

"पाय अवघडतात मागे, दाजी."

"ती कापाची जागा आहे."

"माझी बहीण होती ती. आणि गाडी कोणाच्या नावावर आहे तेही जरा आठवा."

"मग घेऊन जा तुझी गाडी."

तो उतरला आणि गारा पडत असताना पायी निघून गेला. दोन्ही वायपर त्याच्या कोटाच्या खिशात होते. दफनभूमीच्या फाटकाशी गाडी लावताना सवयीने त्यानेच काढले होते. मी खिडकीतून डोके बाहेर काढून घरापर्यंत गाडी आणली. त्याला पाच वर्षे झाली. पत्राची मुदत संपली. तो आला नाही, मी बोलावले नाही.

कलम ६. ही गाडी उस्तिन्याला मिळावी एवढीच माझी खरी इच्छा आहे. बाकी सगळे तिला भंगार म्हणतात. उस्तिन्या तिच्यावर गाडी शिकली आणि थंडीत तिला कसे चुचकारायचे हे तिला कळते. नोटरीबाईंनी मला साफ सांगितले: "जे तुमच्या नावावर नाही, ते तुम्ही देणार कसं? मालकाला घेऊन या." म्हणजे माझ्यामागे ही गाडी माझ्या वारसांचीही नाही.

उस्तिन्या म्हणाली, "आजोबा, मी करू का त्यांना फोन?"

"वायपरचोराला फोन करायचा नाही."

"चोरले नाहीत हो, खिशात राहिले."

"पाच वर्षं?"

तर हे कलम दान नव्हे, कारण देण्याचा मला हक्क नाही. पोर्फिरी तिखोनोविच हयात असल्यास त्याने गाडी उस्तिन्याच्या नावावर करावी, अशी विनंती आहे. वायपरही परत करावेत. मी नवे घेतले, पण ते काच पुसत नाहीत, नुसते पाणी इकडचे तिकडे करतात. पुढच्या सीटवर कोणी बसायचे हे उस्तिन्याने ठरवावे.

कलम ७. मला पाठ असलेल्या कविता कोणाच्या नावावर करता येत नाहीत, त्या माझ्याबरोबर जातील. स्वतः केलेल्या दोन ओळी तेवढ्या मागे ठेवतो:

रस्ता लांब, गाडी जुनी, तरी घर दिसते;
खिडकीतल्या दिव्यापाशी कोणी जागे असते.

या उस्तिन्याने म्हणाव्यात. शाळेत म्हणतात तशा, ताठ उभे राहून, हात खाली सरळ. रिम्माने म्हणू नयेत, ती घाई करते.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे आणि मला पटला म्हणून खाली सही करतो.

ठिकाण: सिझ्रान. तारीख: १९ ऑक्टोबर २०१९.

(सही) गे. ए. झाव्यालोव

माझ्यासमोर सही झाली. साक्षीदार पहिली: (सही) नोन्ना स्तेपानोव्हना वेर्शिनिना, खालच्या मजल्यावरची शेजारीण.

साक्षीदार दुसरा:

ही जागा मत्वेय क्रुग्लोवची. तो चष्मा आणायला घरी गेला आहे. एवढे लिहितो आहे तोच बेल वाजली. "आला एकदाचा चष्मेवाला," म्हणत नोन्ना उठली. पण तिने दार उघडले आणि नुसतीच बाजूला झाली. टोपीवर बर्फ घेऊन पोर्फिरी उभा आहे, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी लांबट.

"बाहेर बर्फ पडतोय, दाजी," तो म्हणतो आहे. "हे लावू का गाडीला?"