'अहो' असलेल्या ओळी

मुलुंड (पूर्व),
विसर्जनानंतरचा मंगळवार

ती. कुंदाताईस, चंदूचा वाकून नमस्कार. (गुडघा कुरकुरतोय म्हणून निम्माच वाकलो आहे. उरलेला भेटीत घे.)

तुझी साखर किती आहे, पायाची सूज उतरली का, घाटकोपरला पाणी नीट येतंय ना, ते कळव. कळवणार नाहीस हे माहीत आहे. फोन केला की तू 'सगळं ठीक आहे, ठेवते' म्हणतेस आणि खरंच ठेवतेस. म्हणून हे पत्र. चौतीस वर्षं टपालखात्यात लोकांची पत्रं वेगळी करण्यात गेली, तेव्हा एक आपलंही टाकावं म्हटलं. इकडे सगळे बरे आहेत. तुझी भावजय रत्नप्रभा माझ्याशी दोन दिवस बोलत नाही, पण त्याचं कारण पुढे येईल आणि त्याला तूच जबाबदार आहेस.

तर तुझ्या पुस्तकाविषयी. गेल्या वर्षी तुझ्या अक्षताने तुझ्या फोनवर ती सोय करून दिली, की आईने बोलायचं आणि फोनने लिहून घ्यायचं. तू ओट्याशी उभं राहून त्रेसष्ट पदार्थ सांगितलेस. पण तो फोन फारच आज्ञाधारक निघाला. कानावर पडेल ते सगळं त्याने उतरवलं. दारावर आलेली माहुलची सपना आणि सुरमई ताजी की कालची यावरून तुमचं झालेलं भांडण (त्यात ती जिंकली, मी वाचलंय), शेजारच्यांच्या मिक्सरबद्दलचं तुझं मत, आणि सगळ्यात जास्त म्हणजे अण्णा भावोजींशी चाललेलं तुझं अखंड बोलणं. मग फाल्गुनात भावोजी गेले. महिन्याभराने तू ती फाइल मला पाठवलीस आणि म्हणालीस, "चंदू, ह्यातलं फालतू सगळं काढ. नुसते पदार्थ ठेव. पोरीच्या हातात पुस्तक दिलं की मी सुटले." तोवर तू ओटा पुसून ठेवला होतास आणि डबा लावला होतास. मी का म्हणून विचारलं, तर म्हणालीस, "मला आता मीठ समजत नाही रे." बावन्न वर्षं जिच्या हातचं खायला आम्ही निमित्तं शोधली, ती बाई कुणाच्या तरी डब्यातली कोबीची भाजी खाते, हे मला सहन होत नाही. हे एकदा लिहून टाकलं, बरं वाटलं.

फाइल आठ हजार ओळींची. हाताने निवडायला बसलो असतो तर माझीही पंचाहत्तरी उलटली असती. म्हणून ज्येष्ठ नागरिकांच्या संगणकवर्गातल्या श्रुतिकाबाईंना शरण गेलो. (बाई बँकेतून निवृत्त झालेल्या आहेत. आम्हा सर्वांना पहिलीतल्या मुलांसारखं वागवतात आणि आम्हीही तसेच वागतो.) त्यांनी मला दहा ओळींचा प्रोग्रॅम शिकवला. तो बिचारा साधा आहे. एकेक ओळ वाचतो, आपण सांगितलेला शब्द तिच्यात असेल तर ती ओळ बाजूला काढतो, नसेल तर ठेवतो. आई सूप घेऊन तांदूळ निवडायची तसंच, फक्त त्याला चष्मा लागत नाही. बाईंनी एक मात्र बजावलं की काढलेल्या ओळी फेकायच्या नाहीत, दुसऱ्या फाइलमध्ये ठेवायच्या. आईसुद्धा खडे आधी वाटीतच ठेवायची.

पहिल्या दिवशी मी 'गॅस' असलेल्या ओळी काढ म्हटलं, कारण गॅस बंद केला का, हे तू दर पाच मिनिटांनी विचारतेस. तर 'गॅस मंद करावा' वगैरेही सगळं गेलं आणि तुझे त्रेसष्ट पदार्थ कच्चे राहिले. ते परत घातले. मग डोक्यात आलं की भावोजींशी बोललेलं ओळखायचं कसं? ताई, तू त्यांचं नाव कधी घेतलंच नाहीस. लग्नातल्या उखाण्यातसुद्धा अडखळलीस, मी तिथे होतो. तुझ्यासाठी ते आयुष्यभर 'अहो'. म्हणजे काम सोपं. 'अहो' असलेल्या ओळी काढ म्हटलं. प्रोग्रॅमने डोळ्याचं पातं लवायच्या आत दोन हजार एकशे सहा ओळी उचलल्या. मागे राहिलेलं पुस्तक कसं टापटीप दिसत होतं. मी खूश झालो, आणि खूश झाल्यावर माणूस करू नये ते करतो. मी बांगड्याचं तिखलं करायला घेतलं.

तुझं वाक्य न वाक्य पाळलं. तिरफळं ठेचली, कोकमं घातली. 'वर दोन हिरव्या मिरच्या चिरून टाकाव्यात' असं होतं, टाकल्या. पुढची ओळ होती, 'वायच कमी आसा.' मी म्हटलं, थोडं कमी आहे म्हणजे मिरचीच, ताईचा हात तिखटच, आणखी पाच टाकल्या. रत्नप्रभाने पहिला घास घेतला, पाणी प्यायली, आणि एवढंच म्हणाली, "ह्यात मीठ कुठे आहे?" त्यानंतर बोललेली नाही.

ताई, मी अख्खं पुस्तक शोधलं. त्रेसष्ट पदार्थांत मीठ हा शब्दच नाही. एकातही नाही. मग काढलेल्या ओळींची फाइल उघडली. मीठ सगळं तिथे होतं. 'अहो, मीठ बघा जरा.' त्रेसष्ट वेळा. तू कधी चमचा सांगितलाच नाहीस, दर वेळी भावोजींना हाक मारलीस. आणि त्यांच्या उत्तरात 'अहो' नसल्यामुळे ती उत्तरं पुस्तकातच राहून गेलेली. आंबोळीचं पीठ आंबवायच्या मध्येच 'आलो, आलो.' सोलकढी गाळताना 'बरोबर आसा.' माझं ते 'वायच कमी आसा' मिरचीबद्दल नव्हतंच. तुझ्या सांगण्याप्रमाणे ही उत्तरंही काढायला हवीत. मी दोनदा बसलो. माझ्याने झालं नाही. मला भावोजींची फार आठवण येते आणि ही गोष्ट तुझ्याशिवाय कुणाला सांगायची?

तरी पुस्तक दिवाळीपर्यंत देतो. जेवत जा. रत्नप्रभाचा नमस्कार. (तिने सांगितलेला नाही, पण असणार.)

तुझा,
चंदू

ता. क. सोबतच्या जाड पाकिटात त्या दोन हजार एकशे सहा ओळी छापून ठेवल्या आहेत. फालतू म्हणालीस म्हणून पुस्तकात नाहीत. लगेच उघडू नकोस. सगळ्यात जास्त वेळा आलेली ओळ 'अहो, ऐकताय ना' ही आहे, आणि मूळ फाइलमध्ये तिच्याखाली दर वेळी 'हो' आहे.

आणखी ता. क. एक गोष्ट भावोजींनी मला शपथ घालून सांगितली होती. ती शपथ आज मोडतो, त्यांनी रागवायचं तर रागवावं. त्या नव्या गोळ्या सुरू झाल्यापासून, म्हणजे तू हे सगळं सांगत होतीस ते अख्खं वर्ष, त्यांच्या जिभेला चव नव्हती. गोड, खारट, काही कळत नव्हतं. तुला कळलं तर तू स्वयंपाकात जीव घालणार नाहीस म्हणून बोलले नाहीत. 'बरोबर आसा' म्हणायचे, आणि तुला संशय येऊ नये म्हणून अधूनमधून 'वायच कमी आसा.' (ते असं म्हणत त्या दिवशी तुझ्याकडे आम्ही पाणी जास्त प्यायचो आणि गप्प बसायचो.) म्हणजे ताई, वर्षभर मीठ तुझं तूच घालत होतीस.

शेवटचं. रविवारी मी बांगडे आणून ठेवतो. रत्नप्रभाने माझ्याशी बोलावं असं तुला वाटत असेल तर सकाळीच ये. तिखलं तू कर. मधेच कुणाला चाखायला हाक मारू नकोस, आम्ही येणार नाही. थेट ताटात वाढ.