सदर जमादार मिळून येत नाही

३ फेब्रुवारी

आज ठाण्यात मार खाल्ला. एकच थापड – पण डावा कान अजून वाजतोय, पिठाची चक्की सुरू असावी तसा. चौतीस वर्षं या गावात डाक वाटली. कुत्री चावली, एकदा बैलानं उडवलं, पण थोबाडीत कोणी मारली नव्हती. बासष्टाव्या वर्षी तेही झालं!

घडलं ते एवढंच. बाजारातून माझी सायकल गेली. हिरवी, मागे थैलीसाठी मोठं कॅरिअर. तक्रार द्यायला ठाण्यात गेलो. आमच्या गावाचं बीट गजेंद्र जमादाराकडे आहे. तो मोबाईलवर क्रिकेट पाहत होता. "सायकलचा नंबर काय?" मी म्हटलं, सायकलला नंबर नसतो साहेब. "मंग मी कोणती सायकल शोधू बे? खोटी तक्रार घेऊन येतो काय?" – आणि खाडकन्! तेवढ्यात कोणीतरी आउट झालं, त्याचं लक्ष तिकडे गेलं, म्हणून दुसरी वाचली.

घरी बायकोनं, भिमाबाईनं, हळद लावली. लावता लावता विचारलं, "पण तुमी काय बोलले होते त्याले?" शेजारची शालूबाई पाहायला आली. "काई तं बोलले असान ना भाऊ?" विहारात गेलो तर तिथंही तेच. गावात ज्यानं त्यानं मलाच विचारलं – तुम्ही काय केलं होतं?

एकट्या समतानं नाही विचारलं. पोलीस भरतीच्या यादीत पोरीचं नाव लागून आठच दिवस झालेत, घरात पेढ्याचा रिकामा डबा अजून पडलाय. ती माझ्या डाव्या बाजूला बसली होती. मला ऐकू येत नाही हे कळलं, तशी उठून उजव्या बाजूला येऊन बसली. म्हणाली, "बाबा, काऊन मारलं त्यानं?" बस्, एवढंच. त्यानं का मारलं! दिवसभरात हा एकच बरोबर प्रश्न.

४ फेब्रुवारी

सायकल सापडली. उकंडराव शिंपी घेऊन उंद्रीला गेला होता, मेव्हण्याकडे. सकाळी दारात आणून लावली आणि वरून म्हणतो, "जानरावभाऊ, हवा कमी होती, भरून आणली." न विचारता का नेली? तर म्हणे, "तुमी वांग्याचा भाव करून राह्यले होते, मंधात काऊन बोलू?"

आता गाव म्हणतं, म्हणजे तक्रार खोटीच होती. म्हणजे थापड बरोबरच बसली! सायकल चोरीला गेली नाही म्हणून कान वाजायचा थांबला का? उलट आज जास्त वाजतोय.

६ फेब्रुवारी

वरच्या साहेबांना अर्ज केला. रजिस्टर, पोचपावतीसह. शेवटी स्पष्ट लिहिलं – मला भरपाई नको, कोणाची नोकरी घालवायची नाही. एका कागदावर एक ओळ पाहिजे : 'जानराव यांची काही चूक नव्हती.' खाली सही आणि शिक्का. एवढंच.

१४ फेब्रुवारी

पोचपावती आली! शिक्का स्पष्ट, तारीख वाचता येते. भिमाबाई म्हणते, "एवढा आनंद तं समताच्या निकालालेही नाई झाला तुमाले." तिला काय कळणार. पोच म्हणजे पोच.

२६ फेब्रुवारी

वरून उत्तर. 'आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित ठाण्याकडे पाठविण्यात येत आहे.' संबंधित! आमच्या डाकेत यावर 'पाठवणाऱ्यास परत' असा शिक्का मारायचे.

ठाणेदारांना जाऊन भेटलो. सभ्य माणूस, खुर्ची दिली. म्हणाले, "गावाचा अर्ज गावाच्या बीट जमादाराकडे जातो. नियम नाही, पण पद्धत आहे." मी म्हटलं, साहेब, बीट जमादार तोच आहे, ज्यानं मला – "हो ना, म्हणजे त्याला प्रकरण माहीतच आहे. चौकशी लवकर होईल."

२ मार्च

चौकशी अधिकारी घरी आले. गजेंद्र जमादार.

खाटेवर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाला, "काका, हे पक्कं ध्यानात ठेवा. टोपी काढली की मी चौकशी अधिकारी. घातली की जमादार. दोघांची गडबड नको." त्या दिवशी 'बे' होतो, आज काका! चहा प्यायला, कागद काढला.

"तुमाले कोणं मारलं?"

"तुम्ही."

"मी नाई. मी तं चौकशीले आलो. 'सदर जमादार' म्हणा."

"सदर जमादारानं मारलं."

"कोण्या कानावर?"

तो माझ्या डावीकडे बसला होता. मला नीट ऐकू आलं नाही, परत विचारायला लावलं. "काऊन, ऐकू नाई येत?" मी म्हटलं, सदर जमादारानं मारल्यापासून नाही येत. तो चुकचुकला. "लय वाईट केलं त्यानं." चेहरा एवढा पडला की मीच त्याला अजून अर्धा कप चहा घ्या म्हटलं. नंतर स्वतःचाच राग आला.

७ मार्च

ठाण्यात घटनास्थळाचा पंचनामा. पंच दोन – शालूबाई आणि उकंडराव. सायकल ज्यानं नेली तोच पंच! म्हटलं तर जमादार म्हणतो, "सायकलची चौकशीच नाई काका, थापडीची हाये."

थापड कशी मारली ते करून दाखवायचं होतं. पण चौकशी अधिकाऱ्याला अर्जदाराच्या अंगाला हात लावता येत नाही म्हणे. म्हणून मी झालो सदर जमादार आणि तो झाला जानराव. मी खुर्चीवर, तो समोर हात जोडून उभा. आमचं बोलणं जसंच्या तसं. मी विचारलं, "सायकलचा नंबर काय?" तो म्हणाला, "सायकलला नंबर नसतो साहेब." अगदी माझ्यासारखा, हळू आवाजात. आतून ठाणेदारांचा आवाज आला – "मग यात मारण्यासारखं काय आहे?"

मी म्हटलं, हे पंचनाम्यात घ्या! गजेंद्र म्हणाला, "साहेब पंच नाईत."

मग मी हात उगारला. आणि त्यानं डोळे मिटले. खांदे वर घेतले, मान आत. मी मारणार नव्हतो, आयुष्यात कोणावर हात टाकला नाही. पण हात वर होता तेवढा वेळ बरं वाटलं, हे इथं लिहून ठेवतो. कोणाला सांगणार नाही.

हात तसाच धरायला लावून उकंडरावानं टेपनं माप घेतलं. हातापासून गालापर्यंत सतरा इंच. सवयीनं त्यानं जमादाराचा खांदाही मोजला आणि म्हणाला, "साहेब, बाही आखूड होते तुमची." तेही लिहिलं गेलं. शालूबाईनं अंगठा दिला नाही, सही केली. सही करायला मिळाली म्हणून खूश होती.

१२ मार्च

चौकशी अधिकाऱ्यानं सदर जमादाराला नोटीस काढली – सात दिवसांत जबाबासाठी हजर राहावे. नोटीस देणारा तोच, घेणारा तोच. पोचेवर सही त्याचीच. पोच मात्र नियमाप्रमाणे होती, मी तपासली.

२० मार्च

सदर जमादार हजर राहिला नाही!

चौकशी अधिकारी सांगायला आला, चिडला होता. "एवढी साधी नोटीस, तिचा मान ठेवत नाई हा माणूस!" दुसरी नोटीस घेऊन तो स्वतःच्या घरी गेला. बायकोला विचारलं, जमादार आहेत का? ती चुलीपाशी होती. वळून न पाहताच म्हणाली, "नाई, ड्युटीवर गेले." तशी नोंद घेतली. शेजाऱ्याची सहीही घेतली.

मी आज इतका हसलो की कान दुखला. भिमाबाई नाही हसली.

२४ मार्च

हसणं संपलं. समताची चारित्र्य पडताळणी ठाण्यात आली. कोणाकडे? गावाचा कागद, गावाचं बीट!

गजेंद्र आला. टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. "काका, तो जमादार मले भेटला."

"तो तर मिळून येत नव्हता."

"रस्त्यात भेटला. जबाब द्याले तयार नाई. पण म्हणत होता, अर्ज मागं नाई घेतला तं पोरीच्या कागदावर लिहीन – वडील खोट्या तक्रारी करतात, घरचं वळण बरोबर नाई." मग खाली वाकून उजव्या कानापाशी बोलला. "काका, तो माणूस चांगला नाई. मी त्याले पहिलेपासून ओळखतो. माह्यं ऐका, मागं घ्या."

त्याच्या डोळ्यात खरंच काळजी होती. हे मी कोणाला सांगितलं तर वेडा म्हणतील.

२५ मार्च

भिमाबाईनं सरळ विचारलं, "तुमची एक ओळ, का पोरीची नोकरी?" पोरगी तीन वर्षं पहाटे उठून धावली आहे, पायाची नखं गेली तिच्या. जेवण गेलं नाही.

२६ मार्च

अर्ज मागे घेतो असं लिहून काढलं. अक्षर छान आलं. समतानं ते पाहिलं. वाचलं आणि फाडलं. चार तुकडे.

"बाबा, माह्या बापाले ज्या खात्यात मारलं त्याच खात्यात मी जाऊन राह्यली. तुमीच मागं घेतलं तं मी कोण्या तोंडानं खाकी घालू? लिहू द्या त्याले काय लिहाचं ते."

मला रडू आलं. बाहेर जाऊन सायकल पुसत बसलो. स्वच्छच होती.

५ एप्रिल

नवीन पोस्टमननं एकाच वेळी दोन लिफाफे दिले.

पहिला – 'दोन नोटिसा बजावूनही सदर जमादार मिळून येत नाही. मिळून आल्यास पुढील कार्यवाही करण्यात येईल. तूर्त अर्ज दप्तरी दाखल.' खाली सही – गजेंद्र.

दुसरा पडताळणीचा – 'सदर कुटुंबाचा कोणाहीविरुद्ध अर्ज प्रलंबित नाही. वर्तणूक चांगली.' खाली सही – गजेंद्र.

म्हणजे अर्ज बंद झाला म्हणून पोरगी साफ निघाली! दुपारी तो फाट्यावर भेटला. टोपी काढून म्हणाला, "त्यानं वाईटच लिहाले घेतलं होतं काका. पण सही माही लागते. म्या नाई केली." आता या माणसाचे आभार मानू की याला शिव्या देऊ? दोन्ही मनात केलं आणि बस आली.

घरात पेढे. माझी ओळ दोन्ही कागदांत नाही. मी उलटसुलट पाहिलं, मागची बाजूही पाहिली. समता उजव्या बाजूला येऊन बसली. म्हणाली, "बाबा, मी येतो ना परत. ती ओळ मीच लिहून देईन तुमाले."

आता कोणत्याच साहेबाची गरज नाही मला.

११ एप्रिल

गेली ट्रेनिंगला. मेहकरच्या गाडीत बसवून दिली. खिडकीतून हात हलवत होती, मी उजवा कान पुढे करून उभा. काही बोलली असेल तर राहून जायला नको.

२ जून

फोन आला. पायाला फोड, जेवण बेचव. बरं वाटलं, पोरगी आपलीच आहे.

१९ ऑगस्ट

फोन. आता 'हाव बाबा' म्हणत नाही. 'होय' म्हणते. शिस्त असते म्हणे. भिमाबाईला फार आवडलं, ती शेजारी सांगून आली.

७ सप्टेंबर

गजेंद्र जमादार बाजारात भेटला. टोपी डोक्यावर होती, तरी नमस्कार केला! "काय म्हणते आमची नवी शिपाई? आता तं तुमी घरचेच झाले काका." वांगी घेऊ दिली नाहीत, स्वतः निवडून पिशवीत टाकली. उकंडराव लांबून पाहत होता. त्यानं माझी सायकल धरून ठेवली, कोणी नेऊ नये म्हणून!

चिखलीच्या डॉक्टरनं सांगितलं, डावा कान आता असाच राहील.

१ नोव्हेंबर

समता दिवाळीनंतर येणार. ओळ कोणत्या कागदावर लिहून घ्यायची ते ठरवलं. जाड, पांढरा. दोन आणले, एक खराब झाला तर असावा.

१५ नोव्हेंबर

समता आली. खाकीत. ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. चहा झाल्यावर मी कागद आणि पेन पुढे ठेवलं.

तिनं कागदाकडे पाहिलं, पेन उचललं नाही. हळूच म्हणाली, "बाबा, खरं सांगा. सायकल तर चोरीला गेलीच नव्हती. त्या दिवशी तुम्हीच काहीतरी बोलला असाल ना त्याला?"

ती माझ्या डाव्या बाजूला बसली होती. ऐकू आलं नाही असं मी दाखवलं.

मग ती उठली आणि उजव्या बाजूला येऊन बसली.