राजांची जोडी पुढे

गार्डेना, कॅलिफोर्निया, १९८७
कामलुन,
आपला सोंगट्यांचा चिनी डाव इथे पत्त्यांवर आला, तेव्हा माझ्या बाबांनीच तुला शिकवला. सातांतले पाच पत्ते मागे, दोन पुढे. मागचा हात वरचढच हवा, नाहीतर डाव बाद.

काल पत्त्यांच्या हॉलमध्ये तुझ्या नव्या बायकोला दोन जोड्या आल्या, राजांची आणि सत्त्यांची.
"राजे पुढे ठेवते, शोभून दिसतात!"
"ठेव गं राणी!" तू म्हणालास. डाव बाद झाला, तरी तू हसतच होतास.

हीच चूक मी केली तेव्हा "अक्कल गहाण टाकलीस का?" म्हणून चारचौघांत खेकसला होतास.

हरली ती. मग घरी येऊन उपाशी मी का झोपले?

आता कुणाचीच नसलेली,
सुकयिंग