कुचल्याचा पहिला थेंब

दादा,

कुचल्याच्या बियांचा अर्क मी चाखलाच नव्हता. औषधाचा पहिला थेंब आपल्याच जिभेवर, हा बाबांचा नेम. तुमी इचारलं तवा मी तोंड कडू करून दाखवलं, ते सोंग होतं. बियांतलं इख उतराले त्या सात दिवस गोमूत्रात ठेवाच्या. मले कापसाच्या बजाराची घाई, चवथ्याच दिवशी काढल्या. मंग जीभ लावाले भेलो अन् अर्क भाकरीवर टाकून आपल्या वाघ्या कुत्र्याले चारला. त्यानं शेपटी हालवली, म्हणून शिशी बार्शीटाकळीच्या गोदाबाईले जाऊ देली.

आज सकाळी वाघ्या गोठ्यामागं आखडून मेलेला दिसला.

बार्शीटाकळीले पळून राहिलो. गोदाबाई सांजेले औषध घेते, त्याच्या आत पोचतो.

माय वाघ्याले हाका मारून राहिली. तिले तुमी काही सांगू नका. मीच सांगीन.

सुकदेव