यादीत नसलेली रिंकी

गोंदिया,
१४ सप्टेंबर २०२५

ती. सुशिलाताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलवत नाही, म्हणून लिहितो. आमच्या कॉलेजात अर्थशास्त्राच्या चाचणीत चाळीसच्या आत मार्क पडलेल्यांसाठी शनिवारी जादा वर्ग असतो. पोरं त्याला ढ वर्ग म्हणतात, आणि यादी फलकावर लागते. गेल्या वर्षी आपल्या गावच्या केवलरामच्या रिंकीला अडतीस पडले. ओळखीची पोर, चारचौघांत लाज नको, म्हणून मी दोन वाढवले. वर्ग चुकला आणि ती परीक्षेत नापास झाली. पुढचं तुला ठाऊकच आहे. केवलरामने तिचं कॉलेज बंद केलं, आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडताना साप चावून ती गेली.

ताई, ती आता शनिवारच्या वर्गात येते. हजेरीतलं शेवटचं, बाविसावं नाव झालं की मागच्या बाकावरून तिच्या आवाजात हजर ऐकू येतं. पोरांना ऐकू येत नाही. मला फार भीती वाटते. हसू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा भुपेंद्र


सालेकसा,
१८ सप्टेंबर

चि. भुपेंद्रास अनेक आशीर्वाद.

धान बरं आहे. तुझे भावजी मात्र गुडघ्याचं निमित्त करून बांधीतल्या चिखलात उतरत नाहीत.

हसले नाही रे. गेल्या दिवाळीत रिंकी माझ्याकडे आली होती. आत्या, मले काहीच समजत नाही, सरले सांगा अन् मले त्या वर्गात बसू द्या, म्हणत होती. मार्क भेटले तर कायले रडून राहिली, असं म्हणून मी तिला लाडू देऊन वाटेला लावलं. तुला सांगायचं राहून गेलं असं नाही, मी मुद्दामच सांगितलं नाही. गावची पोर ढ वर्गात नको, असं मलाही वाटलं. ती गेल्यापासून मला नीट जेवण जात नाही.

तिचं नाव यादीत लिही. बसू दे तिला.

जिवाला जप.
तुझी ताई


गोंदिया,
२८ सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

काल यादीत तेविसावं नाव रिंकीचं लिहिलं आणि पुकारलं. पुन्हा पुकारलं. बावीस पोरं मागे वळून बघत राहिली. तास संपला, वर्ग रिकामा झाला, तरी मी खुर्चीत बसून होतो.

आली नाही. ताई, भीती गेली. पण ती येत होती तेच बरं होतं.

लोभ असू दे, आता तोच आधार.
भुपेंद्र